खैरटोल्याच्या तलावातला जहाजमार्ग

सुरेंद्रने अठरा वर्षांच्या नोकरीत एकही फॉर्म उशिरा पाठवला नव्हता. तालुक्याच्या मत्स्य कार्यालयात बाबू तोच, शिपाईही तोच; आणि साहेबांची खुर्ची चार वर्षांपासून रिकामी असल्यामुळे बऱ्याच अर्थाने साहेबही तोच. "फॉर्म कोणताही येऊ द्या," तो म्हणायचा, "चहा निवायच्या आत भरून देतो."

मग एका सोमवारी समुद्राचा फॉर्म आला.

समुद्र त्याने एकदाच पाहिला होता, तोही मेहुण्याच्या लग्नाला विशाखापट्टणमला गेला तेव्हा, बसच्या खिडकीतून. फॉर्मचं म्हणणं असं : समुद्र माणसांना काय काय देतो ते आधी लिहा. मासळी, मीठ, वादळापासून आडोसा, मनाची शांती. त्यावरून वरची मंडळी ठरवतील, जहाजं कुठून जायची, जाळी कुठे पडायची आणि कुठे कोणी फिरकायचंच नाही. कल्पना शहाणपणाची होती. फक्त पत्ता चुकला होता.

सुरेंद्रने 'निरंक' लिहिलं. पडद्यावरचा रकाना लाल झाला. त्याने वरच्या ऑफिसात फोन लावला.

"सगळ्या जिल्ह्यांना गेलाय तो," पलीकडचा आवाज त्याच्याहून थकलेला होता. "निरंक घेत नाही. तुमच्याकडे मोठं पाणी काहीतरी असेल ना? तेच भरा."

मोठं पाणी म्हणजे खैरटोल्याचा तलाव. मोटारसायकल काढून सुरेंद्र तिथे गेला. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष सोमाजी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाळं शिवत बसले होते.

"सोमाजीभाऊ, तलाव तुमाले काय देते?"

"मासोळी देते. आनखी काय देईन?"

शेजारच्या घाटावर कपडे पिळणाऱ्या कुंताबाईला हे पटलं नाही. बायकांच्या बचत गटाची ती प्रमुख. "धानाले पानी कोन देते? शिंगाडे, कमळाचे कंद कुठून येतेत? चुलीले माती याच गाळाची. अन् घरी भांडण झालं का मानूस इथीच येऊन बसते."

सुरेंद्रने सगळं इमानदारीने उतरवलं. 'मनाची शांती' या रकान्यात लिहिलं : भांडणानंतर, रोज अंदाजे चार व्यक्ती.

दीड महिन्याने नकाशा आला, आणि आला तो थेट ग्रामपंचायतीत. तलाव चार रंगांत वाटलेला. मधोमध निळा पट्टा : जहाजमार्ग. बायकांचा घाट लाल : प्रवेश बंद. मासेमारीला उत्तरेचा कोपरा, जिथे फेब्रुवारीत बकऱ्या चरतात.

कोणीतरी म्हणालं, डोंगरातल्या खाणीचं लोखंड न्यायला जहाज येणार. दुसरा म्हणाला, म्हणजे तलाव कंपनीला गेला. सोसायटीचा मासेमारीचा ठेका याच वर्षी संपत होता, त्यामुळे तिसऱ्याला काही म्हणावंच लागलं नाही. दुपारपर्यंत चाळीस माणसं सुरेंद्रच्या ऑफिसात येऊन उभी राहिली.

कुंताबाई ओरडली नाही. तेच सुरेंद्रला जड गेलं. "तुमी विचारलं म्हून आमी सांगतलं, भाऊ. घाटच बंद झाला तर आमी कुठी जावं?"

सुरेंद्र त्यांच्यासोबत पाळीवर गेला, नकाशा पसरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि कुंताबाईच्या हाती पेन दिला. "तुमीच सांगा, कुठी काय पायजे."

तिने आधी जहाज खोडलं. मग घाट घाटाला दिला, म्हशींना दक्षिणेची उथळ बाजू दिली आणि पूर्वेच्या लव्हाळ्याभोवती गोल काढला. "इथी मासोळी अंडे देते. आषाढ-श्रावण जाळं टाकाचं नाई."

"तिथी माही जागा हाये," सोमाजी म्हणाले. "बापापासून."

"म्हूनच मासोळी कमी होऊन राह्यली. तुमीच सांगता ना रोज, पहिल्यासारखी भेटत नाई म्हून?"

सोमाजींनी खांद्यावरच्या जाळ्याची गाठ चाचपली. चाळीस माणसं त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. "दोन महिने," ते शेवटी म्हणाले. "तिसरा नाई."

सगळ्यांचे सह्या-अंगठे झाले. आपल्या फॉर्ममुळे जगात काहीतरी खरंच घडलं, हे सुरेंद्रच्या अठरा वर्षांत पहिल्यांदा झालं. घरी जाऊन तो शांत झोपला.

सकाळी त्याने दुरुस्ती पाठवली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : येथे समुद्र नाही. तासाभरात उत्तर आलं : समुद्र नसल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.

तहसीलमधल्या धनराजबाबूने सगळी हकीकत मान वर न करता ऐकली आणि एक अर्ज पुढे ओढला.

"समुद्र कधीपासून नाई?"

सुरेंद्रने थोडा विचार केला. "पहिल्यापासूनच."

धनराजबाबूने तसं लिहून घेतलं, शिक्का मारला. "पंधरा दिवस बोर्डावर लावतो. कोनाची हरकत आली नाई, तर समुद्र नाई असं समजू."