लांडगीचा पट्टा

"हा आज दिवसभर गळ्यात घाला," बायकोने जनावराचा ठावठिकाणा कळवणारा रेडिओचा पट्टा नवऱ्यापुढे धरला. "उद्या लांडगीला घालायचाय. आधीचे दोन रानात गेल्यावर मुके झाले."

ती लांडग्यांचा अभ्यास करायची. चिखलातला पंजा बघून लांडगी कुठून आली, कोणत्या पायाने लंगडते, हे सांगायची. उद्याच्या या लांडगीमागे ती दोन उन्हाळे रानोमाळ हिंडली होती. पट्टा फसला, तर लांडगी पुन्हा हाती लागणार नव्हती.

"मी करायचं काय?"

"रोजच्यासारखं वागा. मी ऑफिसातून बघते."

नवरा छापखान्यातून रात्रपाळी करून आला होता. रोजच्यासारखं वागायचं म्हणून तो जेवला, फोन बंद केला आणि कोचावर आडवा झाला.

आता, पट्ट्याची एक खोड होती. बराच वेळ हालचाल झाली नाही, की जनावर मेलं असं समजून तो वेगळा इशारा पाठवायचा. दुपारी ऑफिसात पडद्यावरचा ठिपका लाल झाला.

"मॅडम, साहेब गेले," सहकारी हसत म्हणाला.

तीही हसली. मग तिने नवऱ्याला फोन लावला. बंद. शेजारच्या काकूंना लावला.

"काकू, जरा खिडकीतून बघता का? ते हलत नाहीयेत."

काकूंनी पाहिलं. गळ्यात पट्टा, तोंड उघडं, एक हात लोंबतोय. त्यांनी काठीने गज वाजवले, भांडं आपटलं. काही नाही. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांना आत जाता येईना, म्हणून सुताराला.

सुताराने कुलपावर घाव घातला, तेव्हा कुठे नवरा उठला. दार उघडतो तो जिना माणसांनी भरलेला.

"जिवंत आहेत," काकू किंचित नाराजीने म्हणाल्या.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बायको वर आली. धापा टाकत, एका बुटाची नाडी सुटलेली.

"अगं, झोपलो होतो."

"माहितीये. लांडगासुद्धा झोपेत मान वळवतो. तुम्ही तेवढंही केलं नाहीत. पट्टा मात्र उत्तम चालतोय."

"माहिती होतं, तर धावत कशाला आलीस?"

"खात्री केल्याशिवाय आम्ही निष्कर्ष काढत नाही."

तिने बक्कल सोडलं. पट्टा निघाला, तरी तिची दोन बोटं त्याच्या मानेवर तशीच राहिली.

"चला, खाली चला सगळे," काकू म्हणाल्या. "तिची खात्री व्हायचीय अजून."