डोंगरे सरांनी दारं का काढली

सानिका, ईशान,

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर बोलत बोलत मी समोरच्या डोंगरे सरांकडे शिरले, तेव्हा तुम्हाला त्यांच्या न्हाणीघराला दाराऐवजी पडदा दिसला. तुम्ही खूप हसलात. मीही हसले. ते हसणं मला अजून टोचतं, म्हणून तुम्ही नागपूरला येण्याआधी हे लिहिते आहे.

सरांनी घरातली सगळी दारं काढून टाकली आहेत. रस्त्याकडचं तेवढं ठेवलं. न्हाणीघरात गेलेल्याने मोठ्याने गाणं म्हणायचं, असा नियम आहे. मला गाता येत नाही. मी सतराचा पाढा म्हणते.

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. आता गल्लीला शिकवतात. भाजीवाल्यालाही इलेक्ट्रॉन चुकलेला नाही. एकदा माझ्या अंगणात आले आणि कपड्यांची दोरीच हलवायला लागले.

"पाहा वहिनी, दोन्ही टोकं बांधली का दोरीत एक फुगा बसते, दोन बसतात. दीड बसत नाही. इलेक्ट्रॉनची लाट बी डब्यात अशीच बसते. आता भिंती जवळ आणा. लाट आखूड, एनर्जी जास्त. डबा लहान, बेचैनी मोठी. अन् शून्य तर कधीच होत नाही!"

"सर, माझे धुतलेले कपडे मातीत पडले."

"पडू द्या. लाट समजली ना?"

त्यांच्या पत्नी मालतीताईंना विसर पडत चालला आहे. एकदा त्या एकट्याच बाहेर पडल्या आणि संध्याकाळी सक्करदऱ्याच्या तलावापाशी सापडल्या. मला सगळं जागच्या जागी लागतं, तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लावा, हा सल्ला माझाच. मुलगा विवेक इथेच मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. त्याने त्याच दिवशी कडी बसवली. तीन दिवस मालतीताई दार बडवत होत्या. मनगटं सुजली.

चौथ्या दिवशी सरांनी सुताराला बोलावून एकूण एक दारं उतरवली.

विवेक ओरडला, "बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"डबा लहान केला तू तिचा. म्या मोठा केला."

"महिनाभर पाहतो. नाही जमलं तर आईले देखभाल केंद्रात ठेवू. तिथं चोवीस तास माणसं असतात."

मला वाटलं, विवेकचंच बरोबर आहे.

तुमच्या फोननंतर दोन दिवसांनी दुपारी मी त्यांची वाटी परत द्यायला गेले. दार आतून बंद होतं. खिडकीतून पाहिलं, तर सर खांद्याला पिशवी अडकवून मालतीताईंचा हात धरून चालत होते. बैठकीतून माजघरात, तिथून स्वयंपाकघरात, परत बैठकीत. मध्ये कुठे अडत नव्हतं.

"कुठं जाऊन राहिलो जी आपण?"

"नरखेडले. हे कळमेश्वर स्टेशन गेलं."

"माहं माहेर आहे तिथं. तुम्ही बी तिथलेच काय?"

"तिथचा जावई आहो मी."

"अच्छा! चांगल्या घरचे दिसता."

"लोक म्हणतात तसं," सर म्हणाले आणि स्वयंपाकघरातल्या बाकापाशी थांबले. "चला, काटोल आलं. गाडी थांबते इथं. पाणी प्या."

मला पाहून ते लाजले. "दिवसाचे चाळीस फेरे होतात वहिनी. बेचैनी शून्य नाही होत. कमी होते."

मी घरी आले आणि विवेकला फोन केला. म्हटलं, एकदा दुपारी ये, आणि बेल वाजवू नको. तो आला, खिडकीशी बराच वेळ उभा राहिला आणि तसाच ऑफिसला गेला. महिना उलटला. केंद्राचं नाव त्याने पुन्हा काढलेलं नाही.

मालतीताईंना आता सरांचं नाव आठवत नाही. पण काटोलला गाडी थांबली की त्या स्वयंपाकघरातल्या बाकावर आधी जाऊन बसतात आणि शेजारी रुमाल टाकून त्यांच्यासाठी जागा धरतात.