आप्पांची शेवटची इच्छा आणि माझी सही

अवघड विषय काढावा तर मीच! चिकलठाण्याच्या कंपनीत मी 'कठीण संवाद' शिकवतो. दोनशे माणसं टिपणं काढतात! त्यामुळं त्र्याऐंशी वर्षांच्या माझ्या वडलांना, आप्पांना शेवटच्या इच्छा विचारणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

रविवारी सकाळी चहासोबत सुरुवात केली.

"आप्पा, शेवटी तुमची काय इच्छा हाये?"

"कशाच्या शेवटी?"

"म्हणजे... एकूणच."

आप्पांनी कप खाली ठेवला. "परवाच्या रक्ताचा रिपोर्ट आला व्हय?"

"आला की. एकदम चांगला!"

"चांगला म्हणतोस म्हंजी उरकलंच!"

मी खुलासा करेपर्यंत त्यांनी कन्नड गावच्या बहिणीला फोन लावला होता. दुपारी जीपभर नातेवाईक दारात! साळूआत्यानं फाटकापासूनच सूर लावला, "दादाऽऽ!"

आप्पा लोडाला टेकून दरबार भरवल्यासारखे बसले. बीपीमुळं घरात बंद असलेलं सगळं त्यांनी मागवलं. लोणचं झालं, भजी झाली. मग त्यांचे जुने दोस्त इब्राहीमभाई नान-खलियाचं पातेलं घेऊन आले.

"अगं, मटण कसं देतेस?" मी बायकोला दटावलं.

"शेवटची इच्छा म्हणल्यावर नाय कसं म्हणू?" दीपमाला डोळे पुसत म्हणाली.

मी रिपोर्ट मोठ्यानं वाचला. आत्या आणखी जोरात रडली! शेवटी इब्राहीमभाईंनी कागद हिसकावला. "अरे बावा, सब नॉर्मल है! काय झालं न्हाय ह्याला!"

सगळ्यांनी डोळे पुसले. आत्या तर जरा हिरमुसलीच.

आप्पांनी हात पुसले. "आता आलाच सगळे तर ऐका. मला मशीनवर ठेवू नका. नळ्या नको. घरी, माझ्या बाजेवर जाऊ द्या. वकिलाकडून कागद केलाय. ठरवायचा हक्क इब्राहीमचा."

"आप्पा! मला का नाय सांगितलं?"

"तीनदा आलतो तुझ्याकडं. तू मलाच शिकवत बसला."

इब्राहीमभाईंनी खिशातून कागद काढला. दोनच सह्या राहिल्या होत्या, आप्पांची आणि एका साक्षीदाराची. निदान साक्षीदार तरी होऊ! मी भरल्या डोळ्यांनी झोकात सही ठोकली.

आप्पांनी चष्मा लावला. "येड्या, ही माझी जागा होती!"

नवा कागद अजून व्हायचाय. तोवर कुणी विचारलंच, तर मशीनवर ठेवायचं नाहीये ते मला!