सज्ञान हृदय

माणूस हळूहळू मोठा होतो. हृदय मात्र अठराव्या वाढदिवशी एकदम मोठं होतं. निसर्गाला हे अजून ठाऊक नाही, पण असुन्सिओन शहरातल्या आमच्या मुलांच्या हृदयरुग्णालयाला केव्हाच कळलंय. (निसर्गाकडे समिती नाही. त्याला कोण कळवणार?)

त्या दिवशी तिथे केक कापतात. विदूषक येतो, नर्सबाया डोळे पुसतात आणि पेशंटच्या हाती फुगा देऊन त्याला मागच्या दाराने मोठ्यांच्या रुग्णालयाकडे सोडतात. किती पोरं पलीकडे पोचतात हे कुणी मोजलेलं नाही. म्हणून शंभर टक्के पोचतात असं धरलंय.

नोएलिया परवाच मोठी झाली. जन्मतः हृदयाला भोक, दोनदा छाती उघडलेली, आता एक झडप गळतेय आणि ती यंदाच बदलायला हवी. हे सगळं तिच्या आईला, फिदेलिनाबाईंना, तोंडपाठ. नोएलियाला यातलं अक्षर माहीत नाही. मुलांच्या रुग्णालयाची रीतच तशी प्रेमळ: प्रश्न पोरीला, उत्तर आईचं, आणि पोरीला चॉकलेट. लेकरू घाबरू नये म्हणून तिला एवढंच सांगत आले, की तुझं हृदय दुरुस्त केलंय.

मोठ्यांकडचा नियम त्याहून थोर. सज्ञान माणसाने एकट्याने आत जायचं, आया बाहेर.

आत डॉक्टर इन्सफ्रान. त्यांनी जन्मभर साठीपुढची, मांस खाऊन तुंबलेली हृदयं पाहिलेली. काय त्रास, विचारलं. पोरगी म्हणाली, "होता काहीतरी. दुरुस्त झालाय. आईला माहितीय." छातीत सूं सूं ऐकू आलं, ते पंख्याचं धरलं. मीठ कमी करा, सिगारेट सोडा, चाळिशी उलटली की या.

बाहेर बाकावर तेरेरेचा, म्हणजे नळीने ओढायच्या गार काढ्याचा, पेला हातोहात फिरत होता. लेकीचा निकाल ऐकून फिदेलिनाबाईंनी तोंडातली नळी काढली. शिपायाला विनवलं, तर तो म्हणाला, आत फक्त सज्ञान पेशंट. बाई पन्नाशीला टेकलेल्या, म्हणजे पुरेशा सज्ञान. त्यांनी स्वतःच्या नावाने नंबर लावला, आत गेल्या आणि लेकीचा आजार आपला म्हणून घडाघडा सांगितला.

डॉक्टर भारावले. असा पेशंट त्यांना उभ्या जन्मात भेटला नव्हता. छाती तपासली, तर आवाज नाही. इतक्या शिस्तीत गळणारी झडपही पहिलीच. त्यांनी तिथल्या तिथे ऑपरेशनची तारीख दिली. फिदेलिनाबाईंना.

"डॉक्टर, झडप माझी नाही. मघाच्या पोरीची आहे."

"मग तिने सांगायचं, बाई. सज्ञान आहे ती."

बाई बाहेर आल्या, बाकावर बसल्या आणि लेकीला सगळं सांगितलं.

"हे मला कधी सांगणार होतीस, आई?"

"मोठी झालीस की."

पोरगी उठून दाराशी गेली. आजचे नंबर संपले होते. घरी जाताना बसमध्ये ती स्वतःचा आजार पाठ करत होती, आणि चुकली की आई चिमटा काढत होती.

हसताय ना? हसा. मग एवढं करा. तुमच्या अंगावर लहानपणचा एखादा व्रण असेलच. तो कशाचा, आत काय कापलं, काय ठेवलं, ते मला सांगा.

फोन खाली ठेवा. आईला विचारायचं नाही.