ओडेसा आत्या येणार आहे

"बाळंतपणाला सोबत कोण?" सुईण मिस जर्लीननी विचारलं, आणि प्रश्न गोल मांडलेल्या खुर्च्यांवरून फिरत कियोनाच्या दिशेनं यायला लागला.

एकीची आई होती, एकीच्या बहिणी होत्या, एकीची सासू नको म्हटलं तरी येणार होती. कियोनाचा नवरा समुद्राएवढ्या सरोवरातल्या मालवाहू जहाजावर. ते किनाऱ्याला कधी लागेल हे देवाला आणि वाऱ्याला ठाऊक. आई देवाघरी. मिलवॉकीत येऊन वर्ष होत आलं तरी तिला नावानं हाक मारणारं ठिकाण एकच, चर्चच्या तळघरातला हा बायकांचा गोल. इथे पोटुशा बायका आपला रक्तदाब आपणच मोजायच्या, पडद्याआड चटईवर आडव्या होऊन बाळाचे ठोके ऐकायच्या आणि मग खुर्चीत बसून मनातलं बोलायच्या. सुईण काळी, आया काळ्या. कुणाला काही पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नसे.

मिस जर्लीनचा एक नियम मात्र पक्का होता. "आपण काळ्या बायकांनी दुखतंय म्हटलं की हॉस्पिटलात काहींना वाटतं, या दणकट बायका, यांना कुठलं दुखतंय. म्हणून खाटेशी आपलं एक माणूस हवंच. आणि ते बोलणारं हवं."

प्रश्न कियोनापाशी आला. 'कुणी नाही' हे शब्द ओठांवर होते, पण शेजारणीच्या डोळ्यांत दया जमताना दिसली आणि तोंडून निघालं, "माझी आत्या. ओडेसा आत्या. जॉर्जियाहून येणार आहे."

कियोनाचे वडील एकुलते एक होते.

थाप तिथेच विरली असती, पण पुढच्या बैठकीत एकीचे पाय सुजले आणि आत्याचं मत काय, अशी विचारणा झाली. कियोनाकडे आत्या नव्हती, पण गावाकडच्या चर्चचे रेव्हरंड टॉलिव्हर होते. भांडी घासताना ती फोनवर त्यांची प्रवचनं लावायची. ते साधं बोलत सुरुवात करायचे, मग आवाज तापायचा, शब्दांना सूर फुटायचा, मागून ऑर्गन साद द्यायचा, आणि कियोना रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणायची, "हो, सांगा." प्रवचन संपलं की फ्रिजची घरघर तेवढी उरायची.

तोच सूर धरून ती म्हणाली, "आत्या म्हणते, ज्या पायांनी दोन जिवांचा भार वाहिला, त्यांना राणीसारखं उशीवर बसवा."

"आमेन," बायका म्हणाल्या. मिस जर्लीनलाही सल्ला पटला.

झालं. दर बैठकीला आत्यासाठी प्रश्न येऊ लागले. कुणी तिच्यासाठी पीचचा मुरांबा आणला, कुणी लोकरीची टोपी. ती कधी येणार असं विचारलं की कियोना तिच्या दुखऱ्या गुडघ्याची सबब पुढे करायची. शेवटी सगळ्यांनी हात धरून, डोळे मिटून, त्या नसलेल्या गुडघ्यासाठी मनापासून प्रार्थना केली. कियोनानंही 'आमेन' म्हटलं, सगळ्यांच्या मागून.

टेव्ही ही त्यांच्यातली सर्वांत लहान. दाराजवळच्या खुर्चीत कोट न काढता बसायची. तिला सोबतीचं विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "कुणी नाही." मग कियोनाकडे बघून, "तुझी आत्या बसेल माझ्यापाशी? माझे दिवस तुझ्याआधी भरताहेत."

सगळ्यांना कल्पना फार आवडली. कियोनाला मान आडवी हलवायची होती, ती उभी हलली.

खरं काय ते सांगून टाकायचं, असं ती रोज ठरवत राहिली. शनिवारी दुपारी टेव्हीचाच फोन आला. "मी हॉस्पिटलात आहे. मिस जर्लीन दुसऱ्या बाळंतिणीपाशी अडकल्यात, निघतीलच. आत्याला पाठव."

कियोना सात महिन्यांचं पोट सांभाळत बसमध्ये चढली. वाटेत तिनं देवाकडे आधी क्षमा मागितली, मग एक आत्या.

टेव्हीनं तिच्या मागे रिकाम्या दाराकडे पाहिलं.

"गुडघा," कियोना म्हणाली.

टेव्हीनं तिचा हात पकडला. टेव्हीचं डोकं फुटत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. नर्स म्हणाली, पहिलटकरीण आहे, घाबरलीय, पाणी पाजा. पुन्हा सांगितलं तर पुन्हा पाणीच. पण ही लक्षणं चांगली नव्हेत, हे मिस जर्लीननी गोलात किती वेळा बजावलं होतं. कियोनाचा स्वभाव असा, की हॉटेलात चुकीचं ताट आलं तरी ती मुकाट्यानं खायची. तिनं तोंड उघडलं आणि आतून रेव्हरंड टॉलिव्हर बाहेर पडले.

"ही म्हणतेय, डोकं फुटतंय," तिनं धीम्या आवाजात सुरुवात केली. "ही म्हणतेय, डोळ्यांपुढे काजवे आहेत."

बाहेर फरशी पुसणारी बाई थबकली. "सांग, बाई."

"एकदा सांगितलं, पाणी मिळालं."

"पाणी मिळालं," शेजारच्या खोलीतून कुणाची तरी आजी म्हणाली.

"दुसऱ्यांदा सांगितलं, पाणीच मिळालं." आता शब्दांना सूर फुटला होता. "तिला तहान नाही लागलेली, लोकहो, तिचं ऐका."

डॉक्टर धावत आली ती प्रार्थना कोण घेतंय हे बघायला. पण आलीच होती म्हणून तिनं रक्तदाब मोजला, आणि तिचा चेहरा बदलला. मग सलाइन लागलं, औषध सुरू झालं, माणसं पळायला लागली. संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मिस जर्लीन मध्येच येऊन पोचल्या होत्या. सगळं निवल्यावर त्यांनी विचारलं, "सोबत कोण होतं म्हणायचं?"

"ओडेसा आत्या," टेव्ही म्हणाली.

"आत्या नाहीये, मिस जर्लीन," कियोना खालमानेनं म्हणाली. "कधीच नव्हती."

"मला ठाऊक होतं," टेव्ही म्हणाली. "तिचा कधी डावा गुडघा दुखायचा, कधी उजवा."

"मग मागितलीस कशाला?" कियोनानं विचारलं.

"तुला मागितलं असतं तर म्हणाली असतीस, मला काय येतं."

मिस जर्लीन हसल्या, मग त्यांनी कियोनाच्या पोटाकडे पाहिलं. "आणि तुझ्या वेळी गं?"

कियोना खिडकीबाहेर बघत राहिली. सरोवर दिसत होतं, त्यात एकही जहाज नव्हतं.

"आत्या येणार आहे," टेव्ही पोरीला छातीशी घेत म्हणाली. "फक्त तिच्या कडेवर पोर असेल."