सुटीची तांबोशी

"आज मासळीबाजारात जाऊ नकोस," वहाणा पायात सरकवत श्रीपती नागवेकर बायकोला म्हणाले. "मासे घरी चालत येतील. तू नुसतं वाटण वाटून ठेव."

कुसुमने विळीवरून मान वर केली. "बाजारात तरी काय मिळणार हाय? तीन दिवस वारा सुटलाय, होडी नाय लागली बंदराला. आणि भिकाजीराव जेवायला येणार, लक्षात हाय ना?"

लक्षात नसायला काय झालं? लेकीचं, मैनेचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. उरला होता तो मुलाच्या बापाचा होकार, आणि दाभोळचे भिकाजीराव मयेकर होकार जेवल्यावर देत असत. याआधी दोन ठिकाणी ते जेवले आणि काही न बोलता उठले. त्यातल्या एका ठिकाणी म्हणे पापलेट बर्फातलं होतं.

"कॉलिन आणील," श्रीपती म्हणाले आणि बाहेर पडले.

कॉलिन त्यांच्या पडवीतल्या खोलीत राहायचा. हा विलायती तरुण स्वखुशीने, बिनपगारी, रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांत संडास बांधायला आला होता. ज्या मंडळाचं हे काम होतं, तिथेच श्रीपती कारकून. आळीतल्या बायकांनी कॉलिनचं 'कोळीण' करून टाकलं होतं आणि ते त्याला शोभतही होतं. सहा दिवस खड्डे खणायचे आणि रविवारी दांडी-गरी घेऊन भाट्याच्या खाडीवर मासे गरवत बसायचं, हा त्याचा नेम. परत आला की सांगायचा, "आज सात." कधी, "आज अकरा." घरात मात्र एक खवला यायचा नाही. हे मासे जातात कुठे, यावर श्रीपतींनी तीन महिने डोकं चालवलं आणि ते मंडळाच्या चिटणिसांच्या घरी जातात, अशी स्वतःची खात्री करून घेतली. तेव्हापासून त्यांनी चिटणिसांना धड नमस्कारही केला नव्हता. आज भीडभाड न ठेवता मासे खाडीवरच ताब्यात घ्यायचे, असा त्यांचा बेत होता.

वाटेत तिठ्यावर खुद्द भिकाजीरावच भेटले. ते आदल्या दिवशीच बहिणीकडे येऊन उतरले होते.

"सकाळी सकाळी कुठे निघालाव?"

"मासे आणायला. आमचा गोरा पाहुणा खाडीवर गरवतोय. तुमच्यासाठी ताजा मासा म्हटलं..."

"मग मी पण येतो," भिकाजीराव म्हणाले. "मासा पाण्यातून वर येताना बघितला की माणूस अर्धा जेवतो."

दोघे खाडीकाठी कातळावर जाऊन बसले. थोड्याच वेळात कॉलिनला एक बरा मासा लागला. त्याने तो खिशातल्या वजनकाट्याला अडकवून तोलला, वहीत काहीतरी लिहिलं, आणि वाकून पाण्यात ठेवला. मासा गेला.

"निसटला," श्रीपती घाईघाईने म्हणाले. "हात ओले असतात."

दुसराही तसाच निसटला. तिसरी तांबोशी होती, चांगली वीतभर रुंद, लालबुंद. तिची पाठ थोपटून कॉलिनने तिलाही पाण्यात ठेवलं.

भिकाजीराव ताडकन उभे राहिले. "सोडलान! अवो, मुद्दाम सोडलान त्याने!"

श्रीपतींच्या तोंडचं पाणी पळालं. चिटणिसांवर उगाच धरलेला राग आठवून ते आणखीच खजील झाले. "अरे कॉलिन, मासा घरी न्यायचा. खायचा."

कॉलिनने पुस्तकातून शिकलेल्या शुद्ध मराठीत समजावलं, "नाही, श्रीपतीराव. आज सुटी आहे. मी कामातून सुटलो. मासा गरीतून सुटला. आनंद आहे."

"मग धरतोस कशाला?"

"सोडण्यासाठी."

"ह्याचं डोकं फिरलंय," भिकाजीराव कोट काढत म्हणाले. "आण ती दांडी इकडे. दाभोळच्या माणसाने धरलेला मासा ताटातच जातो. नागवेकर, तुम्ही घरी जा. चूल पेटवायला सांगा."

श्रीपती घरी गेले नाहीत, बाजाराकडे धावले. तिथे रिकाम्या पाट्यांभोवती मांजरं बसली होती. ओळखीच्या येसूबाईकडे सुकी सुकटसुद्धा संपली होती. ते घरी आल्यावर कुसुमने पाट्यावरच्या वाटणाकडे बोट दाखवलं. "हे माशाचं वाटण. ह्यात आता काय घालू? तुम्हाला?"

शेवटी तिने बटाटे घातले. एक वाजला, दोन वाजले, पाहुण्यांचा पत्ता नाही. लग्न मोडलं हे श्रीपती धरूनच चालले होते. आता भिकाजीराव खाडीत तर गेले नसतील ना, या काळजीने ते ओटीवर येरझारा घालू लागले. मैना दाराआडून बापाकडे बघत होती आणि ते तिच्याकडे बघायचं टाळत होते.

तीन वाजता दोघे आले. भिकाजीराव गुडघ्यापर्यंत भिजलेले, उन्हाने लाल झालेले, एक हात कॉलिनच्या खांद्यावर. आणि दुसरा हात रिकामा.

"लागली हो, नागवेकर! तांबोशी. ही एवढी!" त्यांनी दोन्ही हात पसरले. "अर्धा तास झुंजवलान मला तिने."

"मग हाय कुठे?" कुसुमने विचारलं.

भिकाजीरावांनी खाली बघितलं. "सोडली," ते हळूच म्हणाले. मग ओटीवर टेकत बोलले, "चाळीस वर्षं दुकान चालवतोय मी. एक दिवस सुटी घेतली नाय. ती हातात तडफडत होती, हा पोर म्हणाला, सुटी. माझा हात आपोआप सैल झाला बघा. काय बरं वाटलं सांगू!"

माशाच्या वाटणातले बटाटे ते तीनदा मागून जेवले. काय खातोय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, तोंडाने तांबोशीच चालली होती. हात धुताना म्हणाले, "वैशाखातला मुहूर्त बघा." श्रीपतींचे डोळे भरून आले.

पण मासा सोडला, असं दाभोळात सांगायची सोय नव्हती. लोकांनी भिकाजीरावांना वेड्यात काढलं असतं. त्यामुळे गावी पोचेपर्यंत भिकाजीरावांच्या बोलण्यात ती तांबोशी नागवेकरांकडे शिजली, आणि वैशाख येईपर्यंत ती चार पाटांवर मावेना.

लग्नाच्या पंगतीत भिकाजीरावांनी हाक मारली, "काय व्याही, सांगा ह्यांना केवढी होती!"

श्रीपती मुलीचे बाप. त्यांनी वाढायचं जिलबीचं ताट एका हातावर तोलून दोन्ही हात जमतील तेवढे पसरले. "आणि चवीला?" कोणीतरी विचारलं. "विचारूच नका," ते म्हणाले.

तेवढ्यात कुणा चौकस दाभोळकराने फेटा बांधून जेवत बसलेल्या कॉलिनला गाठलं. "काय सायेब, तुम्ही पण खाल्लीत ना?"

"नाही," कॉलिन स्वच्छ आवाजात म्हणाला. "ती सोडली."

पंगतीतल्या माना वळल्या. भिकाजीरावांचा घास हातातच राहिला. मांडवातून मैना बापाकडे बघत होती.

"सोलली," श्रीपती म्हणाले. "सोलली म्हणायचंय त्याला. मराठी कच्चं हाय अजून. एवढी मोठी तांबोशी म्हणजे सोलावीच लागते."

पंगत हसली. भिकाजीरावांनी घास तोंडात टाकला आणि वाढप्याला सांगितलं, "त्या व्याह्यांच्या हातातलं ताट घ्या आधी. बसू देत त्यांना. आज सुटी हाय त्यांना."