सोफा स्थिर, पोरगी धूसर

खेळाचं उत्तम छायाचित्र काढायला खेळाडू लागतोच असं नाही. सोफा मात्र लागतो. एरंडोलकडच्या आमच्या गावात भूपेंद्र फोटोवाल्याने हे शास्त्र पूर्णत्वाला नेलंय. आमच्या क्रीडाछायाचित्रांपैकी नव्वद टक्के सोफ्याची असतात (उरलेली दहा टक्के सोफा मांडतानाची).

बाहेरगावचे अडाणी लोक पळत्या खेळाडूबरोबर कॅमेरा फिरवतात. खेळाडू स्पष्ट येतो, मागचे मान्यवर पुसट. काय हा उद्धटपणा! बक्षिसाची ढाल कोणी दिली? भूपेंद्र कॅमेरा सोफ्यावर रोखतो आणि शटर निवांत उघडं ठेवतो. मान्यवरांच्या मिशीचा केस न् केस दिसतो, खेळाडू वाऱ्यासारखा निघून जातो. गती गती म्हणतात ती हीच.

यंदा मुलींच्या कबड्डीची अंतिम लढत होती. जिंकणारा संघ जळगावला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार होता. गुण बरोबरीत, आणि शेवटची चढाई निंबा आबांच्या पुनमची. तिने एकीला शिवलं, बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या, तरी पोरगी मध्यरेषेकडे हात लांबवत सरपटत राहिली. रेषेवरचे पंच हिलालभाऊ त्या क्षणी मैदानाबाहेर उभे होते, कारण ते सोफ्यावर बसलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या, म्हणजे नवलनानांच्या, आड येत होते. (भूपेंद्रची विनंती. आमच्याकडे फोटोवाल्याचा शब्द पंचही मोडत नाही.)

"मना हात रेघले लागना व्हता!" पुनम ओरडली.

समोरचा संघ म्हणाला, नाही लागला. हिलालभाऊ सज्जन माणूस, त्यांनी फोटो बघून निकाल द्यायचं ठरवलं. सगळे कॅमेऱ्यावर वाकले. नाना अप्रतिम आले होते. सोफ्याचं न काढलेलं प्लास्टिकसुद्धा चकाकत होतं.

"भाऊ, यामा मी कोठे शे?"

"खाली कडेला हा निळा पट्टा दिसतो ना, ती तूच," भूपेंद्र कौतुकाने म्हणाला. "काय गती आलीय!"

"आनि रेघ?"

"रेघ घेतली असती तर नानांचा फेटा कापला गेला असता, ताई."

शेवटी हिलालभाऊंनी सोफ्यामागच्या प्रेक्षकांना विचारलं, "कोणी पाहिलं का हो?" एकेक जण मागे सरकला. पुनम बाद झाली. ती हमसून हमसून रडली, आणि खरं सांगतो, मलाही फार वाईट वाटलं. आबांनी तिच्या गुडघ्यांची माती झटकली आणि तिला घरी नेलं.

तरी फोटोला नावं ठेवू नयेत. सोफ्यामागची माणसं त्यात फार सुरेख आलीत. रेघ त्यांच्या पुढ्यातच होती, पण एकही जण तिकडे बघत नाही. सगळे श्वास रोखून कॅमेऱ्याकडे बघत हसताहेत. डावीकडून तिसरे तुम्ही.

छान आलात.